फ्रिजवरच्या कपाटातलं भांडं

गुरुवारी दुपारी चार वाजता लोवेल टॉलेफ्सनने बायकोने सांगितलेलं काम अगदी सांगितल्या वेळी केलं, आणि चार वाजून तीन मिनिटांनी ओव्हनमध्ये स्फोट झाला.

काम सोपं होतं. मार्लिसने सकाळी वाचनालयात कामाला जाण्यापूर्वी संध्याकाळची हॉटडिश लावून ठेवली होती. काचेच्या चौकोनी भांड्यात तळाला परतलेला बीफचा खिमा आणि कांदा, त्यावर फरसबी, त्यावर मश्रूम सुपाचा डबा, आणि सगळ्यात वर टॉट, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या बटाट्याच्या गोळ्या, शिस्तीत, रांगेने. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून भांडं गॅरेजमध्ये ठेवलं होतं. जानेवारीत एल्क फोर्क गावात गॅरेज फ्रिजहून गार असतं, त्यामुळे सगळेच ठेवतात. "बारा वाजता आत आणून ओट्यावर ठेव आणि चारला ओव्हनमध्ये," असं ती निघताना म्हणाली होती. लोवेल तेव्हा रेडिओवर मक्याचे भाव ऐकत होता, त्यामुळे त्याच्यापर्यंत वाक्याचा दुसरा भागच पोचला. उणे चोवीस अंशांवरचं भांडं त्याने एकशे नव्वद अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं. पुढचं काचेने स्वतःहून केलं.

चार वीसला मार्लिस घरी आली तेव्हा लोवेल ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसला होता.

"काय झालं?"

"आवाज झाला."

"कसला?"

"मोठा."

तिने ओव्हनचं दार उघडलं. भांड्याचे सात मोठे तुकडे झाले होते आणि बारीक तुकडे मोजण्यापलीकडे होते. टॉट मात्र अजूनही रांगेत उभे होते.

"वरचं वरचं काढून घेतलं तर?" लोवेलने विचारलं.

"लोवेल, काच आहे त्यात."

"मी वरचंच म्हणतोय."

मार्लिसने घड्याळाकडे पाहिलं. साडेपाचला जेवण होतं. जेवायला लोवेलची आई ऑल्गा होती, जी याच घरात राहत होती, लोवेलचा भाऊ ड्वेन होता, जो एकटा राहायचा आणि दोघांचं जेवायचा, आणि वर्ना हॉगन होती. बाकीच्यांना लोणी लावून पाव दिला असता तरी चाललं असतं. प्रश्न वर्नाचा होता.

वर्नाकडे किल्ली होती. लूथरन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची ही किल्ली गेली अठ्ठावीस वर्षं तिच्या गळ्यात होती. कुणाच्या अंत्यविधीनंतर किती कॉफी उकळायची, कुणाची हॉटडिश टेबलाच्या पुढच्या टोकाला आणि कुणाची मागे, हे ती किल्ली ज्या गळ्यात तो गळा ठरवायचा. वर्ना आता शहात्तरची झाली होती आणि ईस्टरनंतर किल्ली सोडणार होती. मार्लिसने त्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं कप विसळले होते. दुसरी उमेदवार पास्टरची बायको होती. ती येऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिला कॉफी चालत नव्हती. "किल्लीचं मी काही जेवणावरून ठरवणार नाही," वर्ना रविवारी म्हणाली होती, "पण जेवायला येईन."

लोवेलला ओव्हनमधली काच काढायला लावून मार्लिस घराच्या तळघरातल्या फ्रीझरकडे धावली. अर्धा किलोपेक्षा कमी खिमा सापडला. टॉट एकही नव्हता. तिने खिम्याचं पाकीट बर्फ सुटायला पाण्यात टाकलं, चार बटाटे सोलले, चकत्या करून उकळत्या पाण्यात सहा मिनिटं ठेवल्या, आणि पाच जणांना पुरावा म्हणून परतलेल्या खिम्यात दोन मुठी ओट्स घातले. इथवर सगळं जमलं. मग भांडं हवं होतं.

गोल भांडं लहान होतं. पत्र्याचं मोठं भांडं नाताळात चर्चच्या तळघरात राहिलं होतं, बेवारशी भांड्यांच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली वर्नाच्या गळ्यात होती. शेजारीण हिवाळ्यासाठी ॲरिझोनाला गेली होती. मार्लिस ओट्याशी उभी राहिली आणि तिने हळूच मान वर केली. फ्रिजच्या वर एक कपाट होतं. त्यात एक काचेचं चौकोनी भांडं होतं. ते वर्नाचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मार्लिसचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा वर्ना या भांड्यातून हॉटडिश घेऊन आली होती. हॉटडिश संपली, लोवेलने भांडं धुतलं आणि पालथं करून वर ठेवून दिलं. बरी झाल्यावर मार्लिसने पाहिलं तर तळाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर शाईने 'वर्ना' लिहिलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी परत करायचं होतं, पण भांडं रिकामं परत करत नाहीत. तिने चॉकलेटच्या वड्या केल्या, त्या करपल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा केल्या. त्या ड्वेनने खाल्ल्या. मग वसंत आला, पेरण्या आल्या. वर्ष झाल्यावर नुसत्या वड्या घालून भांडं देणं बरं दिसेना. चार वर्षांनी तिला वाटलं की आता निदान अख्खं हॅम तरी घालायला हवं. दहा वर्षांनंतर काय घालावं लागतं याचा तिला अंदाजच येईना. वर्नाने एकदाही विचारलं नाही. विचारणारी असती तर प्रश्न अकरा वर्षांपूर्वीच सुटला असता. आणि चर्चच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्नाच्या हस्ताक्षरात नियम लावलेले होते, त्यातला पहिला होता: 'दुसऱ्याचं भांडं घरी ठेवू नये.'

"लोवेल, ते वरचं भांडं काढ."

"वर्नाचं?"

मार्लिस दचकली. "तुला कसं माहीत?"

"नाव लिहिलंय ना खाली."

तिने भांडं साबणाच्या पाण्यात बुचकळलं, पालथं धरलं आणि सुरीच्या टोकाने पट्टी उचकटायला घेतली. ओव्हनमध्ये भाजून भाजून ती काचेशी एकजीव झाली होती. शिवाय एक विचार मनात आलाच. पट्टी असताना आपण विसरभोळ्या आहोत. पट्टी काढली की चोर. तिने सुरी खाली ठेवली. भांडं पुसलं, घाईने लोणी फासलं, खिमा पसरला. अर्धाच खिमा असल्याने थर बोटभरही झाला नाही. वर बटाट्याच्या चकत्या लावल्या आणि पावणेपाचला सगळं ओव्हनमध्ये गेलं.

योजना अशी होती: भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही. टेबलावर जाड टॉवेलवर ठेवायचं, आपणच वाढायचं, आणि झालं की आपणच उचलून न्यायचं. नाव खालच्या बाजूला आहे. जोवर भांडं कुणी उचलत नाही तोवर ते कुणाचंही असू शकतं.

वर्ना पाच पंचवीसला आली. वेळेवर येणं म्हणजे पाच मिनिटं आधी. हातात चोवीस वड्यांचं भांडं होतं.

"काही आणू नका म्हणाली होतीस, म्हणून थोडंसंच आणलंय."

"अहो, कशाला एवढं!"

"घरात पडूनच होतं."

वड्या अजून गरम होत्या.

कोट काढून झाले, रस्त्यावरच्या बर्फावर बोलून झालं, ऑल्गा वॉकर सरकवत येऊन टेबलाच्या टोकाला बसली. ऑल्गा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. डोळ्यांना हातभर अंतरापलीकडचं धूसर दिसायचं, त्याअलीकडचं मात्र नको इतकं स्पष्ट. आपल्या प्रत्येक वस्तूवर ती लाल नेलपॉलिशने तीन पाकळ्यांचं फूल काढायची: बटाटे कुस्करायच्या दांड्यावर, ॲपल-पायच्या ताटल्यांखाली, वॉकरवर. नावं काय कुणीही लिहितं, असं तिचं म्हणणं होतं.

"काय गं वर्ना, तब्येत?"

"तक्रार करण्यासारखं काही नाही."

"केली तरी कोण ऐकतंय," ऑल्गा म्हणाली.

मार्लिसने भांडं आणून टेबलाच्या मध्यभागी टॉवेलवर ठेवलं. वर्ना काहीतरी बोलत होती. तिची नजर भांड्यावर गेली, एका कानाचा टवका उडाला होता तिथे थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातून वर्ना निघून गेली.

ओळखलं, मार्लिसच्या मनात आलं.

देवाचे आभार मानून झाले. ड्वेनने दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे भांडं."

"गरम आहे."

"मग टॉवेलसकट दे."

"ताट दे तुझं. मी वाढते."

"आपल्यात भांडं फिरवतात," ऑल्गा म्हणाली.

"आज गरम आहे, आई."

सगळ्यांची ताटं मार्लिसकडे आली आणि परत गेली. वर्नाने घास गिळला आणि म्हणाली, "वेगळं आहे."

लोवेलने मान खाली घातली. एल्क फोर्कमध्ये जेवणाबद्दल याहून वाईट बोलायची पद्धत नाही.

"टॉट नाहीत," ड्वेन म्हणाला. "बटाट्याच्या चकत्या आहेत."

"ओट्सही आहेत," ऑल्गा म्हणाली.

"अगदी थोडे, आई."

"माझी आई घालायची. तेव्हा मांस मिळत नव्हतं."

वर्ना ताटाकडे न बघता भांड्याकडे बघत होती. मार्लिस वर्नाकडे बघत होती. ड्वेन दुसऱ्यांदा वाढून घेत होता, आणि एका कोपऱ्यात काच दिसायला लागली होती.

साडेसहाला भांड्यात पत्त्याच्या कॅटएवढा तुकडा उरला. अशा वेळी काय होतं हे ठरलेलं आहे. शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. ज्याला हवा असतो तो निम्मा घेतो. उरलेल्याचा पुन्हा निम्मा दुसरा कुणी घेतो, मग त्याचा निम्मा तिसरा. त्यामुळे तत्त्वतः एल्क फोर्कमधलं कोणतंही भांडं आजवर पूर्ण रिकामं झालेलं नाही. मार्लिसला आज या पद्धतीचा आधार वाटत होता. रिकामं भांडं कुणीही सहज उचलतं. त्यात घासभर अन्न असलं तर कुणी हात लावत नाही.

"तू घे की ड्वेन," लोवेल म्हणाला.

"नको नको, वर्नाने घ्यावा."

"छे, मला कणभरही जाणार नाही," वर्ना जवळजवळ ओरडली. "राहू दे तो. तिथेच राहू दे."

ड्वेनने निम्मा घेतला. लोवेलने त्याचा निम्मा घेतला. तळाच्या मधोमध चिकटपट्टीची तपकिरी कड काचेतून दिसली. मार्लिस चमच्याने खिमा तिकडे सारणार, तेवढ्यात वर्नाने स्वतःच्या ताटातली बटाट्याची चकती काट्याने उचलली आणि परत भांड्यात ठेवली. बरोबर मधोमध.

ताटातलं परत भांड्यात ठेवलेलं या टेबलावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मला जास्त झालं होतं," वर्ना म्हणाली आणि तिने चकती काट्याने जरा डावीकडे सरकवली.

मार्लिसला कळेना. बाई आपलं भांडं ओळखते, आणि वर ते झाकायला मदत करते? एवढा चांगुलपणा? तिला भरून आलं. तिने चमचाभर खिमा चकतीच्या उजव्या बाजूला ओढला. वर्नाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते, भीती होती, पण मार्लिसला आभारच दिसले.

"झालं ना सगळ्यांचं?" ऑल्गा म्हणाली. "मग खरवड इकडे द्या."

मार्लिसच्या हातातला चमचा ताटात पडला. हे ती विसरली होती. हॉटडिशची खरवड ऑल्गाची. भांडं मांडीवर घ्यायचं, आपल्याकडे कलतं करायचं आणि चमच्याने कडेची भाजलेली खरवड काढून खायची, हा तिचा लग्नापासूनचा हक्क होता. आणि ऑल्गाच्या बरोबर समोर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वर्ना बसली होती.

"आज खरवड लागलीच नाही, आई."

"मला वास येतोय."

"डॉक्टर म्हणालेत ना, करपलेलं खायचं नाही."

"तो पोरगा काय सांगतो मला! त्याच्या बापाला मी रविवारच्या शाळेत शिकवलंय."

"ऑल्गा, माझ्या वड्या घ्या ना," वर्ना घाईघाईने म्हणाली. "मऊ आहेत. चावायला नकोत."

"दात आहेत मला."

"मी कॉफी ठेवते!" मार्लिस उठली.

"मीच ठेवते!" वर्नाही उठली. तिने हात पुढे करून भांड्याचा एक कान धरला. दुसरा कान मार्लिसने धरला. क्षणभर दोघी भांडं धरून उभ्या राहिल्या. उचलत कुणीच नव्हतं, सोडतही नव्हतं.

ड्वेन मनाने चांगला होता. म्हातारीला काही हवंय आणि दोन बायका नुसत्या उभ्या आहेत, एवढंच त्याला दिसलं. त्याने आपले मोठे हात मधे घातले, भांडं अलगद सोडवून घेतलं, टेबलावरून पलीकडे नेलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "घे."

ऑल्गाने बटाट्याची चकती खाल्ली. मग भांडं आपल्याकडे कलतं केलं आणि खरवडायला लागली. भांड्याचा तळ टेबलापलीकडे वर्नाला पूर्ण दिसला. 'वर्ना' ही अक्षरंही. मार्लिसने डोळे मिटले.

खर्र, खर्र, खर्र. मग चमचा थांबला.

मार्लिसने डोळे उघडले तर वर्ना तळाकडे बघतच नव्हती. ती ऑल्गाच्या चेहऱ्याकडे बघत होती. ऑल्गा भांड्याच्या आत बघत होती. तिने अंगठ्याने काच पुसली, भांडं डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "हे माझं फूल आहे."

पट्टी बाहेरून चिकटवलेली होती. बाहेरून बघणाऱ्याला पट्टीच दिसायची. पण काचेच्या आतून बघणाऱ्याला पट्टी आणि काच यांच्या मधे काय आहे ते दिसायचं, आणि मधे तीन पाकळ्यांचं लाल फूल होतं. मार्लिसने या भांड्याला आज कितीतरी वेळा हात लावला होता, पण जिथे भीती होती त्याच बाजूला ती बघत राहिली होती.

"हे माझं भांडं," ऑल्गा म्हणाली. "हॅल्वर गेला तेव्हा चर्चमध्ये नेलं होतं, ते परत आलंच नाही. सतरा वर्षं झाली." हॅल्वर तिचा नवरा. "मी तर समजत होते, कुणाच्या तरी हातून फुटलं." सतरा वर्षं हे वाक्य बोलताना ती मार्लिसच्या हातांकडे बघत असे. आत्ताही सवयीने तिने तिकडेच पाहिलं. मग भांडं उलटं केलं, पट्टी डोळ्यांशी नेली आणि वाचलं. "वर्ना."

ड्वेनने खिडकीबाहेर पाहिलं.

"वारा उत्तरेचा झालाय," ड्वेन म्हणाला.

"हो, दुपारपासूनच," लोवेल म्हणाला.

वर्ना खाली बसली. "त्या दिवशी सगळं आवरल्यावर तळघरात हे एकटंच राहिलं होतं, ऑल्गा. फूल बघितल्यावर कळलंच कुणाचं ते. म्हटलं, घासून उद्या देईन. पण रिकामं कसं देणार? वड्या केल्या, तर त्या दिवशी वादळ आलं. वड्या आम्हीच खाल्ल्या. मग आठवडा गेला, मग महिना. सहा महिन्यांनी नुसत्या वड्या घेऊन तुमच्या दारात यायला तोंड होईना."

"हॅम लागलं असतं," मार्लिस नकळत बोलून गेली.

"तेच तर! मग कुणाला फूल दिसू नये म्हणून मी वरून पट्टी लावली आणि सहा वर्षं वापरलं. देवाच्या घरात, भिंतीवरच्या त्या नियमाखाली." तिने नाक पुसलं. "शेवटी मार्लिसचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉटडिश भरून इथे आणून दिलं. पट्टी निघेना, पण म्हटलं जाऊ दे, भांडं त्याच्या घरी गेलं. संपलं की आत फूल दिसेल आणि मार्लिसला सगळं कळेल. आणि तिला कळलं."

मार्लिसने तोंड उघडलं.

"अकरा वर्षं!" वर्ना म्हणाली. "अकरा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून कप विसळतेय आणि चकार शब्द नाही. ना मला, ना पास्टरला, ना सासूला. स्वतःवर आळ घेतला, पण माझं नाव घेतलं नाही. आणि आज मी किल्लीसाठी येणार म्हटल्यावर नेमकं हेच भांडं टेबलावर ठेवलं. बोलली काही नाही. नुसतं ठेवलं. तळ लवकर दिसावा म्हणून खिमा निम्मा घातला. टॉटसुद्धा घातले नाहीत."

"टॉट तर ओव्हनमध्ये..." लोवेलने सुरुवात केली. टेबलाखाली मार्लिसची टाच त्याच्या पायावर पडली.

"तुला काही म्हणायचंय, मार्लिस?" वर्नाने विचारलं.

मार्लिसने विचार केला. खरं सांगायचं तर सांगावं लागेल की तिला फुलाचा पत्ताच नव्हता, आणि आपण दुसऱ्याचं भांडं दाबून बसलोय असं समजून ती अकरा वर्षं गप्प होती. म्हणजे कबुलीजबाबही द्यायचा, आणि वर्नाची एवढी मोठी कबुली वायाही घालवायची. पाहुणीला असं कुणी वागवत नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं गेलं. कॉफी घेणार ना?"

"बघा!" वर्ना ऑल्गाला म्हणाली. "हिला म्हणतात माणूस." तिने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "घे."

"छे छे, तुमच्याकडेच शोभते."

"घे गं."

"अहो नको, ईस्टरपर्यंत तरी राहू दे."

"मी म्हणतेय ना, घे."

तिसऱ्यांदा म्हणून झालं होतं. मार्लिसने किल्ली घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

ऑल्गा अजून भांडं मांडीवर घेऊन बसली होती. "म्हणजे मार्लिसने फोडलं नव्हतं."

"नाही, आई."

ऑल्गाने मार्लिसच्या हातांकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. "हात तसे बरे आहेत तुझे," ती म्हणाली, आणि उरलेली खरवड खायला लागली. "हॉटडिशही वाईट नव्हती."

सात वाजून दहा मिनिटांनी वर्ना गुडघ्यांवर हात आपटून म्हणाली, "चला, निघायला हवं," आणि आठला तीन मिनिटं असताना निघाली. मधला वेळ टेबलाशी, दाराशी, ओसरीत आणि गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेपाशी गेला. ड्वेनही तिच्या मागोमाग गेला.

लोवेल भांडी पुसायला उभा राहिला. लाल फुलाचं भांडं हातात आल्यावर त्याने ते दिव्यासमोर धरलं.

"छान दिसतं ना हे? तेव्हाही मला आवडलं होतं."

मार्लिसचा हात साबणाच्या पाण्यात थांबला. "तेव्हा म्हणजे कधी?"

"तुझं ऑपरेशन झालं तेव्हा. मीच नाही का धुतलं? म्हटलं, अरे, आईचं भांडं आलं वाटतं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

मार्लिसने पुढचं ताट घासायला घेतलं. ते झाल्यावर ओट्यावर एक भांडं उरलं. ते घरातलं नव्हतं. त्यात चॉकलेटच्या सोळा वड्या होत्या. तिने ते उचलून खाली बघितलं. तळाला नवी कोरी चिकटपट्टी होती.

"वर्ना विसरली," लोवेल म्हणाला.

"उद्या सकाळीच देऊन येते. जातानाच."

"रिकामं?"

मार्लिस थांबली. फ्रीझरमध्ये आता खिमा नव्हता, बटाटे संपले होते, टॉट कचऱ्यात होते. तिने वर, फ्रिजवरच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे आता जागा होती.

टेबलाशी ऑल्गा अजून बसून होती. "वड्या एका ताटात काढ," ती म्हणाली, "आणि ते भांडं इकडे दे. माझ्या ड्रॉवरमधली लाल बाटलीही आण."

"कशाला, आई?"

"पट्टी ओली असताना सहज निघते."

मार्लिसने एप्रनच्या खिशातली किल्ली चाचपली. भिंतीवरचा पहिला नियम आता तिने सांभाळायचा होता. वड्या ताटात काढून तिने भांडं गरम पाण्यात बुडवलं आणि सासूच्या खोलीत गेली. ड्रॉवर खिडकीखाली होता आणि बाटली गार पडली होती. थंडीत नेलपॉलिश घट्ट होतं. म्हणून परत येताना तिने ती दोन्ही तळहातांत धरली, आणि हळूहळू कोमट करत आणली.